मध्यांतरापर्यंतचं मत

"नायक आंधळा होतो, पण त्याचा भांग मोडत नाही," मी म्हणाले, आणि थांब्यावरच्या अकराही बायका हसल्या.

शुक्रवार, संध्याकाळचे सव्वापाच. मी बसमधून नुकती उतरले होते, पिशवी खांद्यावरच होती. लोखंडेकाकूंनी तांब्याभांडं आणलं होतं. आधी पाणी, मग निकाल, अशी रीत.

"म्हणजे जायचं नाही म्हणतेस?" काकूंनी विचारलं.

"जायचंच असेल तर डोळे मिटून जा. नायकासारखं."

टेंपो रद्द झाला. सिनेमा मेला. फलटणला तो आणखी चार दिवस चालला म्हणे, पण आमच्या कॉलनीपुरता तो त्या थांब्यावर, एका वाक्यात मेला.

हे एक्याऐंशी सालचं.

साखर कारखान्याची कॉलनी गावापासून सात मैल. बायकांना रविवारी सिनेमाला जायचं तर टेंपो ठरवायचा, पोरांची सोय लावायची, दुपारचा स्वयंपाक सकाळीच उरकायचा, आणि नवऱ्यांची तोंडं बघायची. एवढं करून सिनेमा टुकार निघाला तर तीच तोंडं आठवडाभर ऐकायची. म्हणून एकीला पुढे धाडायची पद्धत पडली. मुलगी पसंत करायला आधी एखादा मामा जाऊन येतो ना, तसं. तो मामा म्हणजे मी.

मीच का? मी फलटणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. पाळी दोनला सुटायची, शुक्रवारचा नवा खेळ तीनला. लग्न केलेलं नव्हतं, भावाच्या क्वार्टरमध्ये राहत होते, वेळ होता. आणि जीभ होती. सिनेमाची आवड मात्र नव्हती. लोकांना वाटायचं, हिला केवढा नाद. नाद कसला? लोक ज्याला भुलतात त्याला आपण भुलत नाही, याची मला आवड होती.

काही निकाल सांगते. नावं सांगत नाही. नावं लक्षात ठेवण्याच्या लायकीचे नव्हते ते.

जुळ्या भावांचा: "एकाच माणसाचा कंटाळा दोनदा येतो."

पाटलाच्या सुनेचा: "सून अडीच तास रडते. मेकअपवाला तिच्याहून चिवट."

देवाचा: "देव शेवटी येतो. शहाणा आहे, आधी आला असता तर बघावा लागला असता."

हे शेवटचं वाक्य शेजारच्या कीर्तनकार आजींच्या सुनेनेसुद्धा पाठ केलं होतं. कॉलनीत माझी वाक्यं लोणच्यासारखी पुरवून पुरवून वापरत. तीन वर्षं माझा शब्द खाली पडला नाही.

आता खरं सांगते.

तीनच्या खेळाचं मध्यांतर सव्वाचारला व्हायचं. कॉलनीची बस चार पन्नासला. पुढची थेट आठला, आणि आठच्या बसने एकटीने यायचं म्हणजे भावाशी भांडण. तेव्हा मी मध्यांतराला उठायचे. दर शुक्रवारी. तीन वर्षांत एकाही सिनेमाचा शेवट मी बघितलेला नव्हता. बायका जायच्या त्या रविवारी बाराच्या खेळाला, शुक्रवारचा किती वाजता सुरू होतो हे त्यांनी कधी विचारलं नाही.

पहिल्यांदा हे सांगणारही होते. पण लोखंडेकाकूंनी विचारलं, "शेवट गोड आहे का गं?" आणि माझ्या तोंडून गेलं, "खलनायक कड्यावरून पडतो, बहीण सापडते, सगळे एका फोटोत." रविवारी बायका जाऊन आल्या. खलनायक कड्यावरून पडला होता, बहीण सापडली होती. फोटो तेवढा नव्हता.

मग कशाला सांगायचं? शितावरून भाताची परीक्षा. अर्धा सिनेमा बघून उरलेला अर्धा ज्याला सांगता येत नाही त्याने सिनेमाला जाऊच नये, असं माझं मत झालं. एखादा शेवट चुकला तर मी म्हणायचे, "फिल्म कापली असेल थिएटरवाल्याने." त्या मान डोलवायच्या. सिनेमे काढणाऱ्यांनी माझी अब्रू तीन वर्षं राखली. इतकी ती माणसं सामान्य होती.

त्या वर्षी दिवाळीच्या तीन आठवडे आधी सरूवहिनी आमच्या दारात आल्या. जगदाळ्यांच्या. जगदाळे कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाच्या गाड्या तोलायच्या आणि आकडा लिहायचा, हे त्यांचं काम. वीस वर्षांत त्यांच्या आकड्याला कुणी हात लावला नव्हता. ताठ माणूस. घरातही काट्यावर बसल्यासारखे बसायचे.

त्यांची मुलगी वैजयंती, वैजू. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला नाटकाच्या स्पर्धेसाठी मुंबईला गेली ती परत आलीच नाही. गिरगावात मुलींच्या वसतिगृहात राहते, नाटकांत कामं करते, असं आईला पत्राने कळवायची. जगदाळ्यांनी घरात तिचं नाव घेणं बंद केलं होतं. दीड वर्ष झालं होतं.

सरूवहिनींनी पदराआडून पोस्टकार्ड काढलं. सिनेमाचं नाव होतं, आणि खाली: या शुक्रवारी फलटणला लागतोय. जरूर बघा. मी नायकाच्या घरातली आहे.

"यांनी वाचलं," वहिनी म्हणाल्या. "आणि काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, हेमाताई बघून येतील. ती लिहिते तसं असेल, चांगल्या घरातलं काम असेल, तर येऊ दे तिला दिवाळीला." वहिनींनी एक श्वास घेतला. "दीड वर्षात पहिल्यांदा तोंडातून निघालंय गं त्यांच्या."

"आणि नसेल तर?"

"नसेल कसं? तिने लिहिलंय."

मी म्हटलं, बघते. मला बरं वाटलं होतं, हे लपवत नाही. जगदाळ्यांसारखा माणूस माझ्या शब्दावर घरचा निर्णय सोडतोय!

शुक्रवारी गेले. सिनेमा घरगुती होता. म्हणजे घर होतं आणि गुंता होता. नायक इस्टेटवाला, त्याची आई देवघरात, वडील आरामखुर्चीत, दोन काका, एक विधवा आत्या, एक बावळट चुलतभाऊ विनोदाला. प्रत्येक जण आत आला की आधी कॅमेऱ्याकडे बघायचा, मग एकमेकांकडे. नायिका झोपाळ्यावर बसून तीन वेळा लाजली. मी घरातली माणसं मोजली. चौदा. बहीण होती, पण ती ओळखीची नटी. वहिनी होती, ती चाळिशीची. वैजू नव्हती.

सव्वाचारला दिवे लागले. मी उठले. पायऱ्यांशी पाव मिनिट थांबले, हे मला आठवतं. मग घड्याळ बघितलं.

त्या दिवशी मी थांब्यावर निकाल दिला नाही. पाणीही घेतलं नाही. सरळ जगदाळ्यांकडे गेले. लोखंडेकाकू मागोमाग आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या, चप्पल शोधत असल्यासारख्या.

जगदाळे खुर्चीत होते. वहिनी स्वयंपाकघराच्या चौकटीत. पोस्टकार्ड टेबलावर.

मी सुरुवात केली ती माझ्या पद्धतीने. झोपाळा, आरामखुर्ची, लाजणं. "घरात चौदा माणसं," मी म्हणाले, "आणि एकालाही काम नाही. पंधरावी वैजू, तर तिला कामच दिलेलं नाही."

दाराशी काकू खुदकन हसल्या. घरात कुणी हसलं नाही.

"म्हणजे?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे ती नाही त्यात."

"नीट बघितलंस? केस कापले असतील तिने. बारीक झाली असेल."

"वहिनी, मला माणसं ओळखता येतात."

"शेवटपर्यंत नव्हती?"

आता हे वाक्य. मी त्याच्याकडे अनेकदा परत गेले आहे आणि प्रत्येक वेळी मला तेच दिसतं: बस चार पन्नासची होती, हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. दाराशी लोखंडेकाकू होत्या. तीन वर्षांचे निकाल होते.

"शेवटपर्यंत नव्हती," मी म्हणाले.

जगदाळ्यांनी पोस्टकार्ड उचलून उलटं ठेवलं. "झालं," ते म्हणाले. आणि मग, कुणालाच उद्देशून नाही असं: "मग तिथे ती करते काय?"

शनिवार संध्याकाळपर्यंत कॉलनीकडे त्या प्रश्नाची सहा उत्तरं तयार होती, आणि त्यातलं एकही बाईच्या तोंडात शोभणारं नव्हतं. नळावर एक जण म्हणाली, घरातली म्हणजे कुठल्या घरातली, ते लिहायचं राहिलं वाटतं. हे वाक्य माझं नव्हतं. पण घडण माझीच होती. मी तीन वर्षं शिकवलेलंच त्या बोलत होत्या.

सरूवहिनी त्या दिवशी नळावर आल्याच नाहीत.

रविवारी बाराचा खेळ असतो. टेंपो रद्द होता, तेव्हा कॉलनीतलं कुणी भेटायचा प्रश्न नव्हता. भावाला सांगितलं, एक्स्चेंजमध्ये बदली पाळी आहे. बाल्कनीत मागे बसले. खाली मार्केट यार्डातले हमाल, काही शाळकरी पोरं, बाकी खुर्च्या रिकाम्या. पहिला अर्धा मी पुन्हा बघितला. दुसऱ्यांदा बघताना सिनेमा वाईट होत नाही, बघणाऱ्याला आपलीच कीव येते.

मध्यांतर झालं. मी बसून राहिले. दिवे गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

सांगायला हरकत नाही, दुसरा अर्धा पहिल्याहून भिकार होता. इस्टेटीचे कागद हरवले. आत्याला झटके यायला लागले. मग विनोद हवा म्हणून तो बावळट चुलतभाऊ आरशासमोर उभा राहून तलवारबाजीची तालीम करतो, असा प्रसंग. तो हात फिरवतो, आणि त्याच वेळी मागून चहाचा ट्रे घेऊन मोलकरीण येते. आपल्याला तिची पाठ दिसते. डोक्यावर पदर. त्याचा हात गर्रकन फिरतो आणि तिच्या थोबाडीत बसतो. फाटकन आवाज. थिएटर गप्प. ती हलत नाही. एक, दोन, तीन. मग हातातला ट्रे सावकाश, अगदी अदबीने तिरका होतो आणि सगळे कप एकामागून एक खाली.

मी हसले.

सगळं थिएटर हसलं. हमालांनी शिट्ट्या मारल्या. मीही मोठ्याने हसले. त्या सिनेमात हसण्यासारखं तेवढंच होतं.

मग मोलकरीण कप वेचायला वाकली, पदर घसरला आणि वैजूचा चेहरा दिसला. गाल लाल होता. सिनेमा रंगीत होता, तेव्हा दिसत होता. "चुकलं, धाकटे मालक," ती म्हणाली. तिचं वाक्य तेवढंच. लोक पुन्हा हसले.

खाली, पुढच्या स्वस्त खुर्च्यांत, एक माणूस उभा राहिला होता. पडद्यावर त्याच्या टोपीची सावली पडली. मागून पोरं ओरडली, "ओ काका, खाली बसा." तो बसला नाही. कप वेचून होईपर्यंत, ती दारातून आत जाईपर्यंत, तो तसाच उभा होता. मग बसला.

जगदाळे होते.

आम्ही बाहेर सायकलस्टँडजवळ समोरासमोर आलो. टाळता येण्यासारखं नव्हतं. टोपी त्यांच्या हातात होती. ते माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत एक हिशेब चाललेला मला दिसत होता.

"तुम्ही तर शुक्रवारी बघितला होता."

"मध्यांतरापर्यंत," मी म्हणाले.

"आणि बाकीचे? इतकी वर्षं?"

"तेही. बस असते चार पन्नासची."

त्यांनी टोपी घातली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. "अर्धी गाडी तोलायची," ते म्हणाले, "आणि पुऱ्याचं वजन लिहायचं. आमच्याकडे असल्या माणसाला फाटकाच्या आत घेत नाहीत."

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

आम्ही एस.टी. स्टँडपर्यंत एकाच रस्त्याने चाललो, दोन हातांचं अंतर ठेवून. मी म्हटलं, आज घरी गेल्यावर वहिनींना सगळं सांगते. ती आहे त्यात, खोटं बोललेली नाही. माझीच चूक, असं सगळ्यांसमोर सांगते. हे म्हणताना मला माझ्या धाडसाचं कौतुकही वाटलं. ते थांबले.

"नको."

"अहो, पण तिने लिहिलेलं खरं आहे. नायकाच्या घरातलीच आहे ती."

"खरं आहे," ते म्हणाले. "म्हणूनच नको. तुम्ही शुक्रवारी सांगितलं तेच राहू द्या."

मला राग आला. मला वाटलं, हा माणूस माझ्याहून हलका. पोरगी मोलकरीण झाली याची लाज वाटते, त्यापेक्षा ती खोटारडी ठरलेली चालते. हे मी जवळजवळ बोललेही. पण त्यांनीच विचारलं, रस्त्याकडे बघत:

"सिनेमात खरं मारतात का हो?"

मला माहीत नव्हतं. सिनेमा कसा करतात यातलं मला काहीही माहीत नव्हतं. फक्त तो कसा वाईट असतो तेवढं माहीत होतं.

"छे," मी म्हणाले. "सगळं खोटं असतं. आवाज नंतर घालतात."

"गाल लाल झाला होता."

"रंग लावतात."

त्यांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नव्हता. ज्या बाईचा शब्द त्यांनी शुक्रवारी मानला होता तिचा त्यांनी रविवारी मानला नाही. शहाणे झाले होते.

सोमवारी सकाळी साडेदहाला ते एक्स्चेंजमध्ये आले. खिडकीवर मीच होते. मुंबईचा नंबर दिला, वसतिगृहाचा. माणसाच्या नावाने कॉल: वैजयंती श्रीपतराव जगदाळे. दीड वर्षानंतर त्यांनी ते नाव माझ्यासमोर, खिडकीच्या जाळीतून, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. बाराला लाइन मिळाली. मी त्यांना बूथमध्ये जायला सांगितलं आणि जोडून दिला.

ऑपरेटरने ऐकायचं नसतं. सगळ्या ऐकतात. मी ऐकलं.

पहिलं मिनिट.

ती हॅलो म्हणाली. ते काहीच बोलले नाहीत. ती म्हणाली, "कोण? आई बरी आहे ना?" ते म्हणाले, "बरी आहे." मग ती ओळखून गप्प झाली. मुंबईच्या लाइनवर खरखर असते, ती ऐकू येत राहिली. "आबा?" ती म्हणाली.

"मी बघितला," ते म्हणाले. "लागलं का तुला?"

"काय?"

"त्याने मारलं ते."

दुसरं मिनिट.

"पहिल्यांदा लागलं," ती म्हणाली.

"पहिल्यांदा म्हणजे? किती वेळा?"

"सहा."

खरखर. मी हेडफोन कानावर घट्ट धरला होता, आणि समोरच्या पॅनेलवर दुसरा एक दिवा मिणमिणत होता, कुणी लोणंदहून ओरडत असणार. मी घेतला नाही.

"आईने बघितला?" तिने विचारलं.

"नाही. आणि तिला सांगायचंही नाही. हेमाताईंनी सांगितलंय की तू त्यात नाहीस. ते तसंच राहू दे."

"का? माझं काम आहे ते, आबा."

"ती बघायला जाईल. ते मारणंही बघेल," ते म्हणाले.

तिसरं मिनिट.

मग ते म्हणाले, "दिवाळीला ये."

"आई काय म्हणेल?"

"बोलेल. तू खोटं लिहिलंस म्हणून बोलेल. ऐकून घे."

"पण मी खोटं लिहिलं नाही."

"मला माहीत आहे," जगदाळे म्हणाले.

तीन मिनिटं झाली की ऑपरेटरने मध्ये येऊन सांगायचं असतं. मी सांगितलं नाही. त्यांनी फोनही ठेवला नाही. पुढे दोन-अडीच मिनिटं ते दोघं नुसते लाइनवर होते, आणि मी होते.

सायकलस्टँडवर मी त्यांच्याबद्दल जे ठरवलं होतं ते अर्ध्यावरून ठरवलं होतं. दोन दिवसांत दुसऱ्यांदा.

वैजू आली. धनत्रयोदशीला, संध्याकाळच्या बसने, एक छोटी बॅग घेऊन. थांब्यावर बायका होत्याच. शुक्रवार नव्हता, पण बघण्यासारखं काही येणार हे कळलेलं होतं. लोखंडेकाकूंनी विचारलं, "काय गं वैजू, कुठल्या सिनेमात असतेस म्हणे?" ती म्हणाली, "नसते काकू." आणि पुढे गेली. मागे हशा झाला. मी पिशवीत काहीतरी शोधत होते.

घरी काय झालं ते मला माहीत नाही. वहिनींचा आवाज चार क्वार्टर्स पलीकडे ऐकू आला, एवढंच. वहिनींचा आवाज तोवर कुणी ऐकलेला नव्हता. तासाभराने तळणीचा वास यायला लागला.

मी गप्प बसले ते जगदाळ्यांनी सांगितलं म्हणून, असं बरीच वर्षं मानलं. त्यात खोटं काही नाही. पण गप्प बसणं माझ्या सोयीचंही होतं, आणि ती सोय मी त्यांच्या दुःखाखाली सारून ठेवली. माझा शब्द खरा ठरला. पुढच्या शुक्रवारी मी नेहमीच्या बसने आले. काकूंनी पाणी दिलं. मी निकाल दिला. हसल्या.

भाऊबीजेच्या दुपारी वैजू फराळाचं ताट घेऊन आमच्याकडे आली. भाऊ झोपला होता. ती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. बारीक झाली होती, केस खरंच कापले होते.

"आबांनी सांगितलं मला. तुम्ही रविवारी होतात तिथे," ती म्हणाली.

मी डबे उघडायला लागले. आता ही बोलेल, असं वाटलं. मी तयारीही केली होती.

"मग सांगा ना," ती म्हणाली.

"काय?"

"कशी होते मी?"

आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. सिनेमा कसा आहे, बघावा का, शेवट काय, हे विचारायच्या. करणाऱ्या माणसाने कधी विचारलं नव्हतं. तीन वर्षांची धार लावलेली जीभ, आणि तिला एक वाक्य सापडेना.

"सिनेमा टाकाऊ होता," मी म्हणाले.

"ते माहितीये. मी कशी होते?"

"एवढासा तर तुकडा."

"हो. पण कशी?"

मी डब्याचं झाकण लावलं. "वैजू, मी हसले," मी म्हणाले. "तुला मारलं आणि मी हसले. तू आहेस हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पाठ होती."

ती रडेल असं वाटलं. ती ओट्यापासून सुटी झाली आणि माझ्या अगदी समोर आली.

"कुठे हसलात? मारल्यावर, की ट्रे पडल्यावर?"

मी आठवून बघितलं. प्रामाणिकपणे बघितलं. "ट्रे पडल्यावर. मारल्यावर तर थिएटर गप्प झालं होतं."

"सगळे हसले?"

"सगळे. एक माणूस सोडून."

"तो ट्रे पाडायचा नव्हता," वैजू म्हणाली. "लिहिलेलाच नव्हता. मी गाल चोळत आत पळायचं, असं होतं. पाच वेळा केलं. कुणाला हसू येईना. डायरेक्टर म्हणत होता, जोरात मार, आणखी जोरात. मला कळलं, हा असाच दहा वेळा मारायला लावणार. मग सहाव्या वेळी मी पळालेच नाही. उभी राहिले. आत तीन मोजले आणि ट्रे सोडला, हळूहळू. लाइटवाला माळ्यावरून हसला. सगळे हसले. मग तो म्हणाला, ओके."

भाऊ आत कूस बदलत होता.

"आबांना नाही सांगता येत हे," ती म्हणाली. "त्यांना वाटतं, लोक मला हसले."

ती परत ओट्याला टेकली. बाहेर लोखंडेकाकू कुणाला तरी हाक मारत होत्या. वैजूने आवाज खाली आणला.

"सांगा ना पुन्हा," ती म्हणाली. "थिएटर गप्प झालं तिथून."

मी दार लोटून घेतलं, आणि सांगितलं.